फर्स्ट कम्युनियन, मुंज आणि एक तप

केळीचं पान
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती विभागातच पडीक असते, आज जरा वेगळा धागा काढतेय.

मी वसईची, कॅथलिक. नवरा सातारचा, हिंदू. लग्न चर्चमध्ये झालं, बिशपांची रीतसर परवानगी काढून. लेकीचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालाय, आता ती चौथीत आहे आणि मे महिन्यात तिचं फर्स्ट कम्युनियन आहे, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकरी, ख्रिस्तशरीर, पहिल्यांदा घ्यायची. त्याआधी मुलांचं पहिलं कन्फेशन असतं, फादरपुढे पापांची कबुली. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांना एक छापील कार्ड दिलंय: आधी काय म्हणायचं, मग पापं सांगायची, मग पश्चात्तापाची प्रार्थना.

गेल्या रविवारी तिने घरी रंगीत तालीम केली. मला गॅलरीत, खिडकीच्या मच्छरजाळीपलीकडे उभं केलं, का तर मी फादर. स्वतः आत स्टुलावर गुडघे टेकून बसली. "आजीचा रिमोट लपवला, तीन वेळा. डब्यातली भेंडी मैत्रिणीच्या डब्यात टाकली, पण तिला आवडते, तर ते धरायचं का?" मी गंभीर चेहऱ्याने क्षमा केली. मग म्हणाली, "आता तू आत ये. तू शेवटचं कधी केलंस?"

हिशेब केला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. बारा वर्षं. म्हणजे एक तप!

रात्री नवऱ्याने विचारलं, "हे आमच्या मुंजीसारखंच ना? पांढरे कपडे, मेणबत्ती, जेवण, आहेर, फोटो?" मी म्हटलं नाही. तो म्हणाला, मग काय? सातही साक्रामेंतं, म्हणजे चर्चचे संस्कार, मला पाठ आहेत: स्नानसंस्कार, दृढीकरण (कन्फर्मेशन), ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त (म्हणजे कन्फेशन), रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावतात ते), गुरुदीक्षा (धर्मगुरू होताना घेतात ती), विवाह. "अदृश्य कृपेचं दृश्य चिन्ह" ही व्याख्याही झोपेत म्हणेन. पण नवऱ्याला सांगण्यासारखं एक वाक्य सुचेना. तुम्ही काय सांगितलं असतं? कॅथलिक नसलेल्यांनीही लिहा, राग नाही.

निवांत नाना
पहिला! वाचतोय. जेवणात काय आहे ते आधी सांगा.

चिकित्सक
स्पष्ट बोलतो, धागाकर्तीने राग मानू नये. मुंज असो की कम्युनियन, मुलाला कळायच्या आत त्याच्यावर शिक्का मारायचा कार्यक्रम. बाकी सगळं तत्त्वज्ञान मागाहून चिकटवलेलं. आमच्या मुंजीत मला फक्त डोकं भादरल्याचं आठवतं.

सातपाटी लोकल
चिकित्सक, +१. आणि खर्च? आमच्या शेजारच्या गल्लीत कम्युनियनला हॉल, डीजे आणि तीन मजली केक. नऊ वर्षांच्या पोरीला ब्यूटी पार्लरला नेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आगाशीचे मास्तर
माझं वय 81, तेव्हा थोडं लांबण लागेल.

आमचं कम्युनियन 1952 सालचं. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही चालत नसे. पहाटे चार वाजता आईने तोंड धुवायला पाणी दिलं आणि गिळू नये म्हणून समोर उभी राहिली! मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये. फादर आमच्याकडे पाठ करून काय पुटपुटतात ते आम्हाला कळत नसे. 'कॉर्पुस डोमिनी' (प्रभूचं शरीर) एवढे दोनच शब्द मी धरून ठेवले होते. नवी चड्डी शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. जेवणात रोजचाच भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण, फक्त मला त्या दिवशी आधी वाढलं. डीजे नव्हता. सातपाटी लोकल यांची तक्रार मला मान्य आहे.

पण चिकित्सक, "कळायच्या आत" हा मुद्दा चर्चनेही शतकानुशतकं घोळवलाय. पूर्वी बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा ते चौदा वर्षांपर्यंत थांबवत. 1910 साली पोप दहावे पायस यांनी सांगितलं की साध्या पोळीत आणि ह्या भाकरीत फरक आहे एवढं मुलाला कळलं की पुरे, सातव्या वर्षाच्या आसपास द्या. सगळं समजल्यावरच घ्यायचं म्हटलं तर मला अजून मिळालं नसतं.

आता मुख्य प्रश्न. जावईबापूंना एवढं सांगा की साक्रामेंत स्वतःच स्वतःला देता येत नाही. प्रार्थना एकट्याने होते, उपास एकट्याने होतो, दानही गुपचूप करता येतं. पण स्वतःच्या डोक्यावर पाणी ओतून कोणी ख्रिस्ती होत नाही, आणि आरशासमोर उभं राहून स्वतःला क्षमा करता येत नाही. खुद्द पोपलाही नाही. 2014 साली पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून कन्फेशन करत होते, तो फोटो जगभर छापून आला. पाणी, तेल, भाकरी हे सगळं दुसऱ्याच्या हातून घ्यावं लागतं. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण स्वतःचा हात पुढे करून घ्यायला मला साक्रामेंतांनीच शिकवलं.

केळीचं पान
मास्तर, दंडवत. हे आजच नवऱ्याला वाचून दाखवते.

नगरी पाटी
आम्ही नगरचे, प्रॉटेस्टंट. आमच्याकडे दोनच: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बाकीचे पाच तुम्ही कुठून आणले हा आमच्या आजोबांचा आवडता प्रश्न होता. येशूने स्वतः नेमून दिलेले दोनच, असं आम्ही मानतो. आणि पापांची कबुली थेट देवाला, मधे कोणी नको. मास्तरांचं लिखाण आवडलं, पण "स्वतःला देता येत नाही" यावरून "धर्मगुरूच हवा" असं कसं निघतं?

कायद्याचं बोला
आकडा सातवर यायला वेळ लागला हे खरं. बाराव्या शतकात पीटर लोंबार्ड या धर्मपंडिताने सातची यादी पक्की केली आणि 1547 मध्ये कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट परिषदेने, तुमच्या प्रॉटेस्टंट ल्यूथरला उत्तर म्हणून, सात म्हणजे सातच, कमी नाही की जास्त नाही, असं ठणकावलं.

धर्मगुरूच हवा हे सरसकट खरं नाही. विवाहात लॅटिन परंपरेत वधूवरच एकमेकांना साक्रामेंत देतात; धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षी असतो. आणि स्नानसंस्कार अडीअडचणीला कोणीही देऊ शकतो.

जाता जाता, धागाकर्तीसाठी एक नोंद. जोडीदारांपैकी एकाचा स्नानसंस्कार झालेला नसेल तर परवानगीने झालेलं लग्न चर्चच्या लेखी वैध असतं, पण काटेकोर अर्थाने साक्रामेंत नसतं. दोघंही बाप्तिस्मा घेतलेले असावे लागतात.

केळीचं पान
म्हणजे माझं लग्न सातात धरलेलं नाही. बारा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर तेव्हा माझं लक्ष साडीच्या निऱ्यांकडे होतं.

सातपाटी लोकल
कायद्याचं बोला, जाता जाता कोणी असं बोलतं का? बसून तरी बोलायचं.

कायद्याचं बोला
दुखवायचा हेतू नव्हता. माफी. वैध म्हणजे दुय्यम नाही, एवढंच म्हणायचं होतं.

पणजीची पावली
गोंयकार हाजर. आमच्याकडे कन्फेशनला कुमसार म्हणतात, पोर्तुगीजमधूनच आलेला शब्द. माझी आजी "कुमसाराक वता" म्हणून निघाली की घरात दोन तास शांतता. आजोबा म्हणायचे, आत आमचीच पापं सांगत असणार, तिची कुठली एवढी?

अवांतर: लहानपणी आम्ही पापांची देवाणघेवाण करायचो. "तू काय सांगणार?" "खोटं बोललो." "मग मीपण तेच." फादरांना वाटत असेल अख्खी चौथी खोटारडी आहे.

निवांत नाना
ही तर कॉपी झाली, आणि तीही पेपर तपासणाऱ्यासमोर!

चिकित्सक
कन्फेशनबद्दल माझा आक्षेप विनोदी नाही. बंद खोकं, एक लहान मूल, एक प्रौढ पुरुष. जगभर जे बाहेर आलंय ते वाचल्यावर मी माझ्या मुलाला पाठवलं नसतं. त्यात गुपिताचा नियम असा की ऐकणाऱ्याने कधीही बोलायचं नाही.

मंगळसूत्र आणि रोझरी
चिकित्सक, आक्षेप खरा आहे आणि आम्हा आयांनाही तो छळतो. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मुलांचं कन्फेशन उघड्यावर घेतात: चर्चच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या, सगळ्यांना दिसतं, कोणाला ऐकू येत नाही. असंच हवं, असं मी पालकसभेत उठून बोलले होते.

गुपित मात्र कबुली देणाऱ्याच्या पापांचं असतं. मुलाने बाहेर येऊन आईला काहीही सांगावं, त्याच्यावर कसलंही बंधन नाही, हे मुलांना आधी शिकवलं पाहिजे. मी शिकवलंय.

माणिकपूर ते मस्कत
आणि फादरच वाईट असेल तर त्याने दिलेलं साक्रामेंत खरं का? माझं लग्न लावणारे फादर त्या दिवशी इतके चिडलेले होते की प्रवचनात केटररला झापलं. (नाव विचारू नका.)

कायद्याचं बोला
हा वाद चौथ्या शतकापासूनचा आहे. उत्तर आफ्रिकेत डोनाटसपंथी म्हणत की भ्रष्ट धर्मगुरूचे संस्कार फुकट. संत ऑगस्टीनने उलट बाजू घेतली: येशूला दगा देणाऱ्या यहूदाने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच. नळ गंजका असला तरी पाणी विहिरीचं, हा माझा दृष्टांत, ऑगस्टीनच्या माथी मारू नका.

चिकित्सक
गंजक्या नळाचं पाणी आमच्या सोसायटीत येतं. पोट बिघडतं.

पण मग ते अमेरिकेतलं 2020चं प्रकरण काय? डेट्रॉइटकडच्या एका धर्मगुरूने स्वतःच्या बारशाचा जुना व्हिडिओ पाहिला. त्यात संस्कार देणारा "मी तुला बाप्तिस्मा देतो" ऐवजी "आम्ही देतो" म्हणाला होता. एका सर्वनामापायी बाप्तिस्मा रद्द, म्हणून गुरुदीक्षाही रद्द. बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं घ्यावं लागलं. गंजका नळ चालतो आणि व्याकरण चुकलेलं चालत नाही?

आगाशीचे मास्तर
मी मराठीचा मास्तर, मला यात आनंदच आहे!

गंमत सोडा. ते प्रकरण मलाही जाचलं होतं. रोमचं म्हणणं असं की "आम्ही" म्हटलं की तो जमलेल्या मंडळींचा कार्यक्रम होतो. "मी" म्हणताना धर्मगुरू ख्रिस्ताच्या वतीने बोलतो. तर्क मला पटतो. पण मधल्या काळात त्या धर्मगुरूकडे ज्यांनी कन्फेशन केलं त्यांना देव "कागदपत्रं अपुरी" म्हणून परत पाठवेल, हे मी मानत नाही. देव साक्रामेंतांना बांधलेला नाही, असं चर्चचंच म्हणणं आहे.

पणजीची पावली
भाकरीचा विषय निघालाय तर: माझ्या भाचीला सीलियॅक आहे, गव्हातलं ग्लुटेन चालत नाही. होस्ट, म्हणजे कम्युनियनची भाकरी, गव्हाचीच लागते. 2017 मध्ये रोमने पुन्हा स्पष्ट केलं की ग्लुटेन कमी चालेल, अजिबात नसलेली चालणार नाही. भाची फक्त द्राक्षरसाच्या चषकातून घोटभर घेते. त्यातही पूर्ण ख्रिस्तशरीर मानतात. पण तिच्या कम्युनियनच्या दिवशी सगळी मुलं जीभ बाहेर काढून दाखवत होती आणि ती ओठ मिटून बसली होती.

सातपाटी लोकल
आपण भात खाणारी माणसं. तांदळाच्या भाकरीची होस्ट का नाही? 1969 मध्ये भारतातल्या चर्चला आरती, पंचांग प्रणाम, चपला बाहेर काढणं या सगळ्याची परवानगी मिळाली. मग गव्हावरच घोडं का अडलं?

नगरी पाटी
आमच्याकडे साधा पाव चालतो. या, स्वागत आहे. ;)

निवांत नाना
रुग्णाभ्यंगाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून एक किस्सा. मी हिंदू, पण शेजारी परेरा काका. हार्टचा झटका आला, हॉस्पिटलात भरती. मुलाने फादरना बोलावलं. काकांनी डोळे उघडले, समोर झगा पाहिला आणि म्हणाले, "एवढ्यात?" फादर हसत म्हणाले, "काका, आता हे शेवटचं तेल राहिलेलं नाही, आजाऱ्याचं तेल आहे." कपाळाला आणि तळहातांना लावलं. काकांनी हात नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "खोबरेल नाही." त्यानंतर नऊ वर्षं जगले आणि मला रमीत हरवत राहिले.

मंगळसूत्र आणि रोझरी
:D नाना! मूळ ऑलिव्हचं तेल असतं, पण इतर वनस्पतींचंही चालतं. पुण्यसप्ताहात, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, बिशप वर्षाची तेलं आशीर्वादित करतात आणि तिथून ती सगळ्या धर्मग्रामांत जातात.

तेलावरून आठवलं. माझा मामा धर्मगुरू. दीक्षेच्या वेळी बिशपांनी त्याच्या तळहातांना तेल लावलं, ते ज्या पांढऱ्या कापडाने पुसलं ते त्याने आजीला दिलं. आजीने ते कपाटात, स्वतःच्या लग्नाच्या साडीच्या घडीत ठेवलं. आम्हा नातवंडांना हात लावू देत नसे. गेली तेव्हा ते तिच्या हातांभोवती गुंडाळलं. पेटी बंद करताना मामा मिस्सा सांगणारा फादर नव्हता, नुसता मुलगा होता. गाठ त्यानेच बांधली.

रात्रपाळी
बरेच दिवस नुसती वाचतेय. आज लिहिते.

मी नर्स आहे. हिंदू घरातली, पण देव वगैरे फारसं मानत नाही. अकरा वर्षांपूर्वी मी नवजात अतिदक्षता विभागात होते. सव्वीस आठवड्यांचं बाळ, साडेसातशे ग्रॅम. रात्री अडीचला डॉक्टरांनी हात टेकले. बाप गावाहून निघालेला, वाटेत होता. आई वरच्या मजल्यावर, टाके पडलेली, खाली येऊ शकत नव्हती. तिने फोन लावून मला सांगितलं, "सिस्टर, फादर येईपर्यंत थांबणार नाही ना ती? मग तुम्ही द्या." मी म्हटलं मी ख्रिस्ती नाही. ती म्हणाली, "चालतं. मी सांगते तसं म्हणा."

मी सिरिंजमध्ये स्टराइल वॉटर घेतलं, हातमोजा घातलेलं बोट बाळाच्या मानेखाली धरलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. ती म्हणायची, मी मागून म्हणायचे. "मी तुला, पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देते." तीनदा थोडं थोडं पाणी सोडलं. टोपी ओली झाली म्हणून दुसरी घातली. बाळाचं नाव आईने तेव्हाच ठरवलं. पावणेचारला बाळ गेलं.

तेव्हापासून मनात आहे, की माझा विश्वास नसताना मी ते शब्द म्हटले, तर ती त्या बाईची फसवणूक झाली का? कधी कोणाला विचारलं नाही.

आगाशीचे मास्तर
बाळ, फसवणूक नाही. अजिबात नाही. ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नाही असा माणूसही अशा वेळी देऊ शकतो. पाणी हवं, ते शब्द हवेत आणि चर्च जे करतं तेच करण्याचा इरादा हवा. तो तुझा होता, नाहीतर तू टोपी बदलली नसतीस.

कायद्याचं बोला
मास्तरांना दुजोरा. कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम 861. तुमच्या हातून झालेला संस्कार पूर्ण आहे, त्याला पुरवणी लागत नाही.

चिकित्सक
रात्रपाळी, मी यातलं काहीच मानत नाही. पण त्या रात्री तुमच्या जागी असतो तर मीही म्हटलं असतं.

रात्रपाळी
धन्यवाद. ड्यूटीवर जाते.

केळीचं पान
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. धागा बराच खाली गेला होता, वर काढते.

शनिवारी संध्याकाळी पालकांचं कन्फेशन होतं. रांगेत माझ्यापुढे सात जण. माझ्या मागे लेक, तिचं आदल्या आठवड्यात झालेलं, पण माझ्यावर नजर ठेवायला आली होती. आत गेल्यावर "शेवटचं कन्फेशन बारा वर्षांपूर्वी" म्हणाले आणि पुढचं विसरले. फादर काही बोलले नाहीत, थांबून राहिले. मग जे आलं ते सांगितलं. इथे लिहिणार नाही. पश्चात्तापाच्या प्रार्थनेची पहिली ओळ आठवेना. बाहेर येऊन लेकीकडून कार्ड घेतलं, परत आत गेले आणि वाचून म्हटली. कार्डावर भेंडीच्या डब्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं. प्रायश्चित्त म्हणून 'नमो मरिया' ही प्रार्थना तीनदा. मी म्हटलं एवढंच? फादर म्हणाले, दुकान नाही हे.

रविवारी नवरा बाकावरच बसला. लेक ख्रिस्तशरीर घेऊन परत आली, त्याच्या शेजारी टेकली आणि कानात म्हणाली, "बाबा, चव सरावाला दिली होती तशीच आहे." सरावाची होस्ट आशीर्वादित नसते, हे तिला वर्गात चांगलं सांगितलंय. तो म्हणाला, "मग?" ती म्हणाली, "मग काही नाही. सरक."

लग्नाचंही बोलले फादरांशी. कायद्याचं बोला यांचंच खरं निघालं. नवरा म्हणतो, तुमच्या सातात नाही तर नाही, आमच्या सोळांत आहे. त्यावर मी अजून विचार करतेय.

निवांत नाना
लेकीला आशीर्वाद. जेवणात काय होतं हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

केळीचं पान
नाना: घरच्याच मांडवात, साठ माणसं. चिकन, पुलाव, सासूबाईंच्या हातचं भरलं वांगं आणि शेवटी सुकेळी. केक एकमजली. डीजे नाही. भेंडी मुद्दाम केली नाही.